विचारायचे कुणाला?

शहर वाढू लागले की त्रासही वाढणारच, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्या त्रासाची कारणे शोधण्याची गरज कुणाला वाटत नाही. माणसे फार झाली, सोयी अपुऱ्या पडल्या, म्हणून लोक चिडतात आणि कधीमधी रस्त्यावर उतरतात, एवढ्यावर चर्चा संपते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. टंचाई सोसणे विदर्भातल्या माणसाला नवे नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कापूसउत्पादकाइतकी अनिश्चितता सोसून पुन्हा जून महिन्यात सरकीची थैली विकत घेणारा माणूस इतरत्र क्वचितच सापडेल. पाऊस आला नाही तर तो आभाळाकडे बघतो. भाव पडला तर शिव्या देतो, आणि तरी कामाला लागतो. त्याच माणसाचा मुलगा तालुक्याच्या गावी प्लॉट घेऊन राहायला येतो, दारातली नाली तुंबते, नळाला चार-सहा दिवस पाणी येत नाही, आणि तेव्हा मात्र त्याचा तोल जातो. नालीची घाण दुष्काळाहून मोठी असते म्हणून असे होत नाही. नाली माणसाने बांधलेली असते, ती कुणाच्या तरी अखत्यारीत असते, आणि त्या कुणाला तरी गाठायला गेले की तो सापडत नाही, म्हणून तोल जातो. माझे म्हणणे असे आहे की आपल्या वाढत्या गावा-शहरांतला संताप सोयींच्या अभावापेक्षा उत्तर देणाऱ्याच्या अभावातून अधिक जन्मतो. आणि हा दुसरा अभाव आपण गेल्या दहा-बारा वर्षांत शासननिर्णय काढून आणि निवडणुका लांबवून स्वतः निर्माण केला आहे.

मारेगावपासून सुरुवात करावी असे वाटते, कारण तिथे ही प्रक्रिया उघड दिसते. वणी ते करंजी रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. एका बाजूला वणीच्या कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूला करंजीला मिळणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, आणि अवतीभवती कापूस, सोयाबीन, जिनिंग, कोलाम आणि गोंड वस्त्यांची गावे. २०१४ साली राज्य सरकारने ठरवले की जिथे तालुक्याचे मुख्यालय आहे पण अजून ग्रामपंचायतच आहे, तिथे नगरपंचायत करायची. त्या निर्णयात मारेगाव आले. जिल्ह्यातली झरी-जामणी, राळेगाव, कळंब, बाभूळगाव आणि महागाव ही गावेही आली. २०१५ मध्ये पहिली निवडणूक झाली, सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडून आले, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आणि ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी बसले. राज्यघटनेच्या २४३-क्यू या अनुच्छेदाने नगरपंचायतीची कल्पना मांडली ती ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे निघालेल्या क्षेत्रासाठी. शब्द संक्रमणाचा आहे. म्हणजे घटनाकारांनी, खरे तर १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीच्या कर्त्यांनी, हे ओळखले होते की या मधल्या काळात गावाला आधाराची गरज असते. आपण दर्जा दिला आणि आधाराचा विचार पुढे ढकलला.

दर्जा बदलताच काय हातून गेले, याची मोजणी कुणी केली नाही. मनरेगाचे काम ग्रामीण कुटुंबासाठी होते. गाव नगर झाले आणि त्या गावातला शेतमजूर एका अधिसूचनेने त्या हक्काबाहेर गेला. त्याची मजुरी, त्याचे घर, त्याचा पावसाळा तोच राहिला. ग्रामीण घरकुलाची यादी बंद झाली आणि नागरी घरकुलासाठी जागेचे कागद मागितले जाऊ लागले, जे गावठाणात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे नसतात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे. पण सगळ्यात मोठे नुकसान झाले ते ग्रामसभेचे, आणि त्याबद्दल तर कुणी हळहळलेही नाही. ग्रामपंचायतीच्या कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा खेड्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. तिथे मतदारयादीत नाव असलेला कुणीही उभा राहून विचारू शकतो की हातपंपाच्या दुरुस्तीचा खर्च कुठे गेला, लाभार्थींच्या यादीत अमक्याचे नाव कसे आले. नगरपंचायत झाली की हा हक्क संपतो. आता सर्वसाधारण सभा नगरसेवकांची असते. नागरिक तिथे गेलाच तर ऐकायला जातो, बोलायचा अधिकार त्याला नसतो. ज्याला आपण बढती म्हणतो त्या बढतीने गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा तोंडावर प्रश्न विचारण्याचा कायदेशीर हक्क काढून घेतला आणि त्या जागी काहीही दिले नाही. राज्याने २००९ साली महापालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली होती. ती कागदावरच राहिली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ग्रामसभेचे तुम्ही गोडवे गाता, पण त्या सभेत बोलायची हिंमत कुणाची होती? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याविषयी जे सांगितले ते विसरता येत नाही. खेडे ही संकुचितपणाची आणि जातीयतेची जागा आहे, व्यक्ती हा घटनेचा पाया आहे, खेडे नाही, अशी त्यांची भूमिका होती. दलितांना शहराने जे श्वास घेण्याइतके मोकळेपण दिले ते खेड्याने कधी दिले नाही. मारेगाव तालुक्याच्या संदर्भात तर आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. आदिम जमात म्हणून नोंद असलेल्या कोलामांचा आवाज ग्रामपंचायतींच्या कित्येक सभांमध्ये उमटतच नव्हता. पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीतला, माणूस गावात येऊन बोलला तर त्याला मजुरी बुडण्याची भीती असे. म्हणून मला गावाकडे परत जा असे म्हणायचे नाही. शहराचे आश्वासन मला हवेच आहे. पण आंबेडकरांनी शहरात जे पाहिले ते नुसती गर्दी आणि पक्के रस्ते नव्हते. तिथे कायद्याचे राज्य असते आणि जातीने ओळखल्याशिवाय माणसाला दाद मागता येते, ही अपेक्षा होती. ज्या नगरात दाद मागण्याची जागाच नाही, तिथे माणूस पुन्हा ओळखीवर, जातीवर, पुढाऱ्याच्या माणसावर विसंबतो. म्हणजे खेड्याचा जो दोष होता तो कायम राहतो आणि शहराचा जो गुण असायला हवा तो येत नाही. सभा दुबळ्यांसाठी अपुरी होती, तर ती सुधारायची होती. बंद करून दुबळ्यांचे कोणते भले झाले?

याच ठिकाणी कायद्यातली एक गंभीर पोकळीही लक्षात घ्यायला हवी. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने यवतमाळ जिल्ह्यात तेव्हाच्या मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात घातली गेली. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन, वनउपज, पाणी यांविषयी विशेष अधिकार दिले. विदर्भातल्याच गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या छोट्या गावाने ग्रामसभेच्या बळावर २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अनुसूचित क्षेत्रातल्या नगरांसाठी असा कायदा संसदेने अजूनही केलेला नाही. तेव्हा अशा क्षेत्रातले एखादे गाव वाढत वाढत नगर झाले, तर त्या वाढीबरोबर तिथल्या आदिवासींचे हे अधिकार विरून जातात. वाढीची किंमत कोण मोजतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणार नाही.

आता हे पाहू की मारेगावच्या नागरिकाने प्रश्न विचारायचाच ठरवले तर त्याला किती दिशांना जावे लागते. जिल्हाधिकारी यवतमाळला, उपविभागीय अधिकारी वणीला, विभागीय आयुक्त अमरावतीला. आमदार वणी मतदारसंघाचा, पण तो मतदारसंघ लोकसभेसाठी चंद्रपूरला जोडलेला, म्हणून खासदार दुसऱ्या जिल्ह्यातला. गावातून जाणारा मुख्य रस्ता नगरपंचायतीचा नाही. वीज महावितरणची. पाणीयोजनेचा आराखडा आणि तांत्रिक मंजुरी जीवन प्राधिकरणाची. परिसरातला कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपूरला आणि तिचे खाते दिल्लीला. नगरपंचायतीकडे उरते ती घंटागाडी, नाली, गल्लीतले दिवे आणि घरपट्टी. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय आहेत, पण ते द्यायचे की नाही हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि कोणत्याही पक्षाच्या सरकारने मन मोठे करून ते पूर्ण दिलेले नाहीत. त्यामुळे नगरसेवकाला शिव्या मिळतात त्या अशा कामांसाठीही, जी करण्याचा अधिकार त्याला कधी दिलाच नव्हता. आणि ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांना मारेगावचा मतदार भेटतच नाही.

खनिज निधीचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचे ठरले. खाणचालकाने स्वामित्वधनाच्या प्रमाणात, जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांवर १० टक्के, रक्कम त्यात भरायची आणि ती खाणीची झळ पोहोचलेल्या माणसांसाठी वापरायची. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण हे अग्रक्रमाचे विषय त्या योजनेतच लिहिलेले आहेत. वणी परिसरातली धूळ आणि अवजड वाहतूक सोसणाऱ्या गावांसाठी हा पैसा हक्काचा आहे, कुणाच्या कृपेचा नाही. पण त्याचा निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी, अधिकारी आणि लोकप्रतिनिधींच्या समितीत होतो. धूळ जिथे बसते तिथल्या नागरिकाला ती समिती कधी भेटते, काय मंजूर करते, कोणत्या गावाचे नाव का वगळते, हे वर्तमानपत्रातून कळले तर कळते. पैसा आहे, कायदा आहे, गरज आहे. या तिन्हींना एकत्र आणणारा आणि त्याबद्दल जाब देणारा माणूस मात्र गावात नाही. आणि मग कोळशाच्या ट्रकांपुढे रास्ता रोको होतो, पोलीस येतात, तहसीलदार निवेदन स्वीकारतात, ट्रक पुन्हा सुरू होतात.

जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या यवतमाळ शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात जे सोसले ते या मुद्द्याचा सर्वांत जवळचा पुरावा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाख सोळा हजारांच्या आसपास होती. २०१६ मध्ये वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर, पिंपळगाव, भोसा, मोहा ही भोवतालची गावे नगरपरिषदेच्या हद्दीत आली आणि शहर एका दिवसात कितीतरी मोठे झाले. पाणी मात्र निळोणा आणि चापडोह या जुन्याच दोन धरणांवर. २०१७ चा पाऊस कमी झाला, दोन्ही धरणे आटली, आणि पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळ कोरडे राहिले. घागर मोर्चे निघाले, टँकरभोवती भांडणे झाली. पण त्याच जिल्ह्यात, बाभूळगाव तालुक्यात, बेंबळा प्रकल्प उभा होता, आणि तिथून शहराला पाणी आणण्यासाठी अमृत योजनेतून शेकडो कोटींची जलवाहिनी मंजूरही झालेली होती. काम रखडले, चाचणीतच वाहिनी फुटत राहिली, आणि टंचाईचा उन्हाळा सरून गेला तरी ते पाणी घराघरांत पोहोचले नाही. या काळात नगरपरिषद सांगत होती की पाणीपुरवठा जीवन प्राधिकरणाकडे आहे, प्राधिकरण कंत्राटाकडे बोट दाखवत होते, आणि मुंबईतून तारखा जाहीर होत होत्या. पावसाला दोष देणे सोपे आहे, आणि काही अंशी ते खरेही आहे. पण पाऊस पडला नाही हे एका वर्षाचे कारण झाले. हद्दवाढ करताना या वस्त्यांना पाणी कुठून देणार, हा प्रश्न कुणाच्या सहीखाली लिहिलेला नव्हता, हे कायमचे कारण आहे.

हे यवतमाळचे मागासपण म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुण्यासारख्या श्रीमंत महापालिकेत तेच घडले. तिथे २०१७ मध्ये अकरा आणि जून २०२१ मध्ये तेवीस गावे शहरात घेतली गेली. क्षेत्रफळात पुणे मुंबईपेक्षा मोठे झाले याचे कौतुकही झाले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या समाविष्ट भागांत गुलेन बारे विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले आणि संशयित व निश्चित मिळून संख्या दोनशेच्या वर गेली. तेव्हा शहराला कळले की या भागाला जलशुद्धीकरण केंद्रातून गेलेले पाणी मिळतच नाही, विहिरीचे पाणी क्लोरिन टाकून पुरवले जाते. कर शहराचा, पाणी खेड्याचे. आणि हे सगळे झाले तेव्हा पुणे महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. लातूरचे उदाहरण याहून जुने, पण त्यातली एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी नेले गेले, ती गाडी सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याआधी मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्या आणि विहिरींभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावले गेले होते, ते फारसे कुणाला आठवत नाही. पावणेचार लाखांवर वस्तीच्या शहरात तहान हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय झाला. प्रशासनाला त्या क्षणी दुसरा मार्ग नसेल, ते मी मान्य करतो. पण वर्षानुवर्षे ज्यांना विचारता आले नाही ते शेवटी टाकीजवळ जमणारच, आणि तिथे त्यांना भेटायला येणारा शासनाचा पहिला माणूस पोलीस असणारच.

उत्तर देणारा नाहीसा होण्याची सर्वांत मोठी घटना मात्र गेल्या पाच वर्षांत घडली आणि तिचे गांभीर्य अजून आपल्याला उमगलेले नाही. घटनेचा २४३-यू अनुच्छेद सांगतो की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. महाराष्ट्रात आधी कोरोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन पेच, मग प्रभागरचना कुणी करायची याचा वाद, अशी कारणे एकामागून एक येत गेली. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. यवतमाळ आणि वणीच्या नगरपरिषदा २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या, म्हणजे त्यांचीही मुदत त्याच सुमारास सरली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर त्या वर्षीच्या डिसेंबरात नगरपरिषदांसाठी मतदान झाले. मधली जवळजवळ चार वर्षे या शहरांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. मारेगावसारख्या नगरपंचायतींची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये कशीबशी पार पडली, ते तिचे सुदैव. बदलापूर इतके सुदैवी नव्हते. २००१ साली लाखाच्या आत असलेले हे शहर २०११ मध्ये पावणेदोन लाखांकडे पोहोचले होते आणि त्यानंतर तर त्याला थांबा असा राहिलाच नाही. तिथल्या नगरपरिषदेची मुदत २०२० मध्ये संपली. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने लोक हादरले, तक्रार नोंदवून घ्यायलाच कित्येक तास लावले गेले असा पालकांचा आक्षेप होता, आणि २० ऑगस्टला हजारो माणसे रुळांवर उतरली. लोकल दिवसभर बंद राहिली. त्या रागाचे कारण तो भयंकर गुन्हा होता, त्यात शंका नाही. पण राग शाळेच्या दारातून, पोलीस ठाण्यातून रुळांवर का गेला, याचे उत्तर त्या शहराच्या रोजच्या जगण्यात आहे. जिथे चार वर्षे कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी निवडून दिलेला माणूस नव्हता, तिथे आपले कुणी ऐकेल अशी खात्री वाटणारी जागा एकच उरली होती, आणि ती म्हणजे लोकलचा रूळ.

यावर अनेक सुशिक्षित माणसे म्हणतात की प्रशासक बरे. नगरसेवक टक्केवारी घेतात, कंत्राटे नातेवाइकांना देतात, गुंठ्या-गुंठ्याने तोडलेल्या लेआउटकडे डोळेझाक करतात. यातले बरेच खरे आहे. छोट्या गावांत नगरसेवक, प्लॉट पाडणारा आणि कंत्राटदार ही तीन वेगळी माणसे असतीलच असे नाही. चांगला मुख्याधिकारी आला तर सहा महिन्यांत गावाचा चेहरा बदलतो, हेही अनेकांनी पाहिले आहे. पण तो मुख्याधिकारी बदलून जातो. त्याच्या जागी येणाऱ्याला आधीच्याचे वचन बांधील नसते, आणि नागरिकाला त्याला आणण्याचा वा घालवण्याचा कसलाही अधिकार नसतो. भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येते, निदान तशी भीती त्याला असते. शिवाय भ्रष्टाचार प्रशासकाच्या काळात थांबला असा पुरावा कुणी दिलेला नाही. तो फक्त सभागृहाच्या इतिवृत्तातून आणि विरोधकाच्या भाषणातून दिसायचा बंद झाला.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे: लोक घरपट्टी भरत नाहीत, मग सोयी कुठून येणार? हा प्रश्न रास्त आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी लागेल. ज्या वस्तीत पाणीपट्टी थकलेली असते त्याच वस्तीत उन्हाळ्यात टँकरला, वर्षभर वीस लिटरच्या जारला, बोअरवेलला आणि इन्व्हर्टरला पैसे मोजले जातात. माणसे पाण्याचे पैसे देतातच. पाणी आणून देणाऱ्याला देतात. नगरपरिषदांच्या हातातला उत्पन्नाचा मोठा स्रोत म्हणजे जकात होती, ती १९९९ साली गेली आणि त्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून गावाच्या बाजारात उलाढाल वाढली तर नगरपरिषदेची तिजोरी त्या प्रमाणात वाढेल, हा सरळ धागा तुटला. मोठ्या कामांसाठी वैशिष्ट्यपूर्ण निधी, नगरोत्थान, अशा योजनांकडे बघावे लागते, आणि तिथे आमदार सत्ताधारी पक्षाचा आहे की नाही यावर बरेच काही ठरते. त्यात भर म्हणजे २०२१ ची जनगणनाच झाली नाही. वित्त आयोगाचे अनुदान २०११ ची लोकसंख्या धरून वाटले गेले. ज्या गावांनी या काळात झपाट्याने माणसे सामावून घेतली, त्यांच्या नव्या वस्त्या हिशेबात नाहीतच. कर भरण्याची सवय ही कराच्या बदल्यात उत्तर मिळते या अनुभवातून लागते, आणि तो अनुभव आपण नागरिकाला दिलेला नाही.

आणखी एक युक्तिवाद इतिहासाचा दाखला देतो. सगळीच शहरे आधी घाण होती, मग सुधारली, धीर धरा. लंडनचे उदाहरण हमखास दिले जाते आणि ते खरेच आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाली आणि त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांनी भुयारी गटारांचे प्रचंड जाळे उभारले. पण ते काम केवळ काळ लोटल्याने झाले नाही. कॉलऱ्याने त्याआधीची पंचवीस वर्षे हजारो गरीब माणसे मारली होती आणि तेव्हा पार्लमेंट पुरेसे हलले नव्हते. ते हलले कारण त्या उन्हाळ्यात दुर्गंधी नदीकाठच्या पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली. काही आठवड्यांत कायदा झाला, कारण घाण सोसणारा आणि निर्णय घेणारा हे एका खोलीत बसले होते. मारेगावच्या तुंबलेल्या नालीचा वास यवतमाळला जात नाही, वणीची धूळ नागपूरच्या कार्यालयात पोहोचत नाही. म्हणून लंडनचा दाखला धीर धरायला सांगत नाही. निर्णयाची जागा त्रासाच्या जवळ आणा, असेच तो सांगतो. विदर्भावर अन्याय झाला, वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, अनुशेष तसाच राहिला, ही तक्रारही मला मान्य आहे. पण मुंबईने जे नागपूरशी केले तेच जिल्ह्याची ठिकाणे तालुक्याच्या गावांशी करत असतील, तर वेगळ्या राज्याने मारेगावच्या प्रभागात काय फरक पडेल, हे त्या मागणीच्या समर्थकांनी सांगायला हवे.

उत्तर न मिळालेला संताप जागच्या जागी राहत नाही, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. नळाचे पाणी का येत नाही हे कळले नाही की त्यांच्या गल्लीत येते, आमच्या गल्लीत येत नाही, असे दिसू लागते. मग त्यांचे म्हणजे कुणाचे, हे सांगणारे पुढे येतात, आणि नालीचा प्रश्न जातीचा, धर्माचा, नव्याने राहायला आलेल्यांचा आणि जुन्या गावकऱ्यांचा होतो. पुढारी आग लावतात हे खरे, पण वाळलेले गवत त्यांनी पेरलेले नसते. ज्यांना हे नको असते ती शिकलेली मुले पुण्याला निघून जातात, तिथे हिंजवडीच्या वाहतुकीत आणि टँकरच्या रांगेत तोच अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतात, आणि गावात जी उरतात त्यांच्यापुढे मोर्चा किंवा मौन एवढेच पर्याय राहतात.

मारेगाव नगरपंचायतीची सध्याची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. त्याआधी सतरा प्रभागांत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून रस्ता आणि सभामंडप यांच्या आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात असे मला वाटते. ग्रामसभेच्या त्याच चार तारखांना प्रभागात नागरिकांची सभा घेऊन त्यातले प्रश्न आणि उत्तरे नगरपंचायतीच्या इतिवृत्तात नोंदवण्याचा ठराव करणे. पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणि प्रत्येक कामाची रक्कम, कंत्राटदाराचे नाव व मुदत प्रभागातल्या फलकावर लावणे. आणि खनिज निधीत तालुक्याला काय मिळाले, काय नाकारले आणि कोणत्या कारणाने नाकारले, याची माहिती दरवर्षी जिल्ह्याकडून मागवून ती त्याच सभेत वाचून दाखवणे. यातल्या कशासाठीही नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही, आणि मुंबईची परवानगीही लागत नाही. वणी आणि यवतमाळमध्ये चार वर्षांनंतर नव्याने बसलेल्या नगरसेवकांना तर हे पहिल्याच वर्षात करता येईल.